वसुली चालू आहे

इंदूरमध्ये राहणाऱ्याला नव्या वर्षांची कमतरता नसते. पाडव्याला आमच्या गल्लीतल्या मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहतात. दिवाळीत सियागंजातले व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात आणि जुनी येणी-देणी पुढच्या पानावर ओढतात. एक जानेवारीला सगळं गाव खजराना गणपतीच्या रांगेत उभं असतं. या सगळ्यांच्या मध्येच कुठेतरी, नोव्हेंबर संपता संपता, कुणाला पत्ता लागू न देता आमचं ख्रिस्ती वर्ष सुरू होतं. फटाका नाही, मिठाई नाही, शुभेच्छांचे मेसेज नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीतल्याही निम्म्या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील, नवं वर्ष? अजून नाताळ व्हायचाय की!

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे चर्चच्या पंचांगातला वर्षारंभ. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळचा जो रविवार, तो. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी. तिथून नाताळच्या आधीचे चार रविवार. वेदीवरचं कापड जांभळं होतं, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात असतं तसंच. कॅथलिक मिस्सेत या चार रविवारी ‘ग्लोरिया’ म्हणत नाहीत. ते देवदूतांचं गाणं नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. मुळात हा काळ उपासाचाच. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर इथल्या पर्पेच्युअस नावाच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्याला तीन उपास घालून दिले होते. आमच्या वरच्या मजल्यावर मल्याळी नर्स राहतात. त्या आजही १ डिसेंबरपासून नाताळापर्यंत पंचवीस दिवस मांस-मासे सोडतात. आणि आमच्याकडे, म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट घरांत, नेमक्या त्याच दिवसांत करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचे घाणे सुरू होतात. कोण जास्त धार्मिक, हा वाद आमच्या जिन्यात कधी झाला नाही, कारण सिस्टर आमच्या चकल्या आवडीने खातात.

माझी आजी नगरकडची. नर्सिंग शिकून इंदूरला मिशनच्या दवाखान्यात आली आणि इथलीच झाली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे १८७७ मध्ये काम सुरू केलं, १८८७ मध्ये क्रिश्चियन कॉलेज निघालं, पुढे १९७० मध्ये उत्तरेकडच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे रविवारी आमची उपासना हिंदीत आणि रात्रीची प्रार्थना घरी मराठीत. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं आजी पोळ्या लाटताना म्हणायची. चर्चमध्ये ती कुणी म्हणत नसे, म्हणून पोळ्यांच्या वेळी जरा जास्तच जोरात म्हणायची.

आता, नाताळ म्हटला की लोकांना गोठा, तारा, मेंढपाळ आणि बाळ हवं असतं. चर्चमध्ये आगमनकाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मिळतो बाप्तिस्मा करणारा योहान. उंटाच्या केसांचं वस्त्र, टोळ आणि रानमध खाणारा, यार्देन नदीकाठी उभा राहून लोकांना ‘सापाच्या पिल्लांनो’ म्हणणारा. पश्चात्ताप करा, पापांची क्षमा होईल, असं तो सांगतो. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. मोठेपणी, विशेषतः बँकेत लागल्यावर, मला तो माणूस फार आवडायला लागला. कारण लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचं काय? आणि तो काय उत्तर देतो बघा. दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला द्या. जकातदारांना म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणतो, लोकांना दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. डोळ्यांतून पाणी काढा, छाती बडवा, असं एक अक्षर नाही. सगळा मामला कपड्यालत्त्याचा आणि पैशाचा.

आणि मला वाटतं, क्षमेचंही तसंच आहे. तिच्याबद्दल फार मऊ बोललं जातं. मन हलकं होतं, गाठी सुटतात वगैरे. प्रार्थनेत मात्र आपण रोज साधी देण्याघेण्याची भाषा बोलतो: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” कर्ज सोडलं तर कुणाचं तरी नुकसान होतं. ते पैसे हवेत विरत नाहीत. क्रिश्चियन कॉलेजात किशोर कुमार शिकत असताना कँटीनवाल्याची त्याच्याकडे पाच रुपये बारा आणे उधारी राहिली, आणि तीच रक्कम पुढे एका गाण्यात गाजली, ही गोष्ट इंदूरचं पोरगंसोरगं सांगतं. गाणं गाजलं, सगळे हसले. कँटीनवाल्याच्या गल्ल्यात ते पाच रुपये बारा आणे आले की नाही, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली, त्यामुळे माझं डोकं तिकडेच जातं. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित, होतं. मग बँक त्या बुडीत रकमेसाठी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करते; म्हणजे पैसे येणार नाहीत असं धरून तोटा आधीच आपल्या अंगावर घेते. पुढे काही काळाने ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकतात. याला म्हणायचं राइट-ऑफ. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: अमुक हजार कोटींची कर्जं माफ! माफ-बिफ काही झालेलं नसतं. कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते, नोटिसा जात राहतात, जामीनदाराच्या दारात आमचा माणूस जाऊन बसतो. हिशोबाच्या वहीत दिसत नाही, एवढंच. वसुली चालू असते.

माणसं एकमेकांना करतात त्यातली बरीचशी माफी या जातीची असते. वहीतून काढून टाकलेली. पण लग्नात, बारशात, मयताला गेल्यावर नोटीस निघतेच. “आम्ही कधी तोंडातून शब्द काढला का त्याबद्दल?” हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला कळेल. आमच्या शहरात जैन समाज मोठा, क्षमावाणीच्या दिवशी फोनवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर येतो: कळत-नकळत काही चूक झाली असेल तर क्षमा. मूळ रीत फार मोठी आहे, समोर जाऊन, नाव घेऊन क्षमा मागायची. पण आमच्या ऑफिसात ज्याच्याशी खरोखर भांडण झालंय तो माणूस सोडून बाकी अडीचशे जणांना ते चित्र जायचं. आपल्या तिळगुळाचंही काही वेगळं नाही. जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्या दाराशी डबा नेताना पाय जड होतातच.

तर काका. बाबांचा धाकटा भाऊ. हुशार, बोलका, चर्चच्या तरुण मंडळाचा जीव. त्याने एका पतसंस्थेतून कर्ज काढून फोटो स्टुडिओ टाकला आणि बाबा जामीनदार राहिले. सख्खा भाऊ सही मागतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. स्टुडिओ चांगला चालला. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, रीळ धुऊन द्यायचं काम. मग डिजिटल कॅमेरे आले, पाठोपाठ मोबाइलमध्ये कॅमेरे आले आणि रीळ धुवायला कुणी येईना. काकाने काही दिवस दुकान रेटलं आणि एका सकाळी शटरला कुलूप घालून कुणालाही न सांगता भोपाळला निघून गेला. हप्ते बाबांच्या पगारातून कापले जाऊ लागले.

आमच्या घरावर दुसरा मजला चढवायचा होता. त्यासाठी गच्चीवर खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. पावसाळ्यात त्यांच्यावरून गंजाचं तांबूस पाणी ओघळायचं आणि गच्चीच्या लादीवर डाग पडायचे. आई दर दिवाळीला ते डाग घासायची, ते जायचे नाहीत. सळयांना तिने दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की मजला आता होत नाही. पुस्तकात क्षमेबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्या सळया असतात.

दोन-तीन वर्षांनी काका परत आला. दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहिला, चर्चला यायला लागला, आम्ही डाव्या बाजूला बसायचो तर तो उजव्या. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब कधीकधी मत्तयातला तो भाग वाचत: वेदीवर अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वाचताना बऱ्याच माना हळूच डावीकडून उजवीकडे वळायच्या. मंडळी लहान असते, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

डिसेंबरात आमच्याकडे गायनमंडळ रात्री घरोघर जातं. ढोलक, खंजिरी, एक पेटी. दहा-बारा घरं झाली की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू नावाचा कंद खायचा, गरमागरम तळलेला, वर जिरावण मसाला आणि लिंबू. बाबा पेटी वाजवायचे. काकाचं घर आलं की ते पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन कोपऱ्यावर थांबायचे. एका वर्षी थांबले नाहीत. आत गेले, वाजवलं, आणि बाकीचे निघाल्यावर मागे राहिले. घरी येऊन त्यांनी आईला जे सांगितलं ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. म्हणाले, “मी त्याला सांगून आलो, ते पैसे माझ्याकडून संपले.”

इथे गोष्टीत पुढचं वाक्य असतं, की काका रडला आणि दोघे भाऊ गळ्यात पडले. तसं काही झालं नाही. काका भडकला. म्हणाला, “म्हणजे मी चोर, आणि तू मोठा संत?” मला ते तेव्हा फार संतापजनक वाटलं होतं. आता वाटतं, त्यात एक खरेपणा होता. तुला माफ केलं म्हणणं म्हणजे तू माझं देणं लागत होतास असं तोंडावर सांगणं. काकाने आजवर ते तोंडाने कबूल केलेलं नव्हतं. बाबांनी देणं सोडलं, पण सोडताना त्याची नोंदही केली. आणि तो माफी मागायला येईपर्यंत ते थांबले नाहीत, आधीच मोकळे झाले. बँकेच्या भाषेत, त्यांनी पूर्ण तरतूद केली होती. काकाकडून एक रुपया, एक शब्दही येणार नाही असं धरून तोटा स्वतःच्या अंगावर घेऊन मगच ते त्या घरात शिरले. म्हणून काका भडकला तरी ते भडकले नाहीत. ज्याने तरतूद केलेली नाही तो क्षमा करायला जातो आणि समोरच्याने मान खाली घातली नाही की दुप्पट रागावून परत येतो.

आगमनकाळ मला या अर्थाने पटतो. बाळ यायच्या आधीचे चार आठवडे. काही घडलेलं नाही, कुणी आलेलं नाही, तरी घर झाडायचं. चौथ्या रविवारी कधी योसेफाचा पाठ असतो. येशूची आई मरिया हिचं याच्याशी लग्न ठरलेलं. मरियेला दिवस गेलेत हे त्याला कळतं. देवदूत अजून स्वप्नात आलेला नाही, त्याच्या दृष्टीने फसवणूकच झालेली आहे. आणि तेव्हाच तो ठरवतो की तिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप बाजूला व्हायचं. पुढे सगळं उलगडतं ते उलगडतं, पण त्याचा निर्णय त्याआधीचा आहे.

आमच्या चर्चमध्ये अलीकडे आगमनकाळाचं चक्रही ठेवतात. ही पद्धत जर्मनीतली. १८३९ मध्ये हॅम्बर्गला विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. त्यांनी मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. इथे सूचिपर्णी डहाळ्या कुठून आणणार, म्हणून आम्ही अशोकाची पानं लावतो. चार मेणबत्त्यांना नावं आहेत: आशा, शांती, प्रीती, आनंद. क्षमेची मेणबत्ती नाही. संडे स्कूलच्या एका पोराने हे विचारलं तेव्हा बाईंनी त्याला पेढा देऊन गप्प केलं.

क्षमेवर बोलायचं आणि इंदूरमध्ये बोलायचं, तर राणी मारियांना वगळून चालणार नाही. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे संतांची पद्धत नाही. पण ४ नोव्हेंबर २०१७ ला इथल्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर रोमहून कार्डिनल आमातो येऊन त्यांना ‘धन्य’ घोषित करून गेले, ही संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा आमच्या गल्लीतले प्रॉटेस्टंटही गेले होते. मीही होते.

राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या, जन्म १९५४ चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर. १९९२ मध्ये देवास जिल्ह्यात उदयनगरला आल्या. तो पट्टा आदिवासींचा. तिथल्या भागात काम केलेले माझे सहकारी सांगतात, बी-बियाण्यासाठी, आजारपणासाठी चांदीची कडी-साखळ्या सावकाराकडे गहाण पडायची, आणि एकदा पडली की सुटायची नाहीत. राणी मारियांनी लोकांना बचत करायला शिकवलं, सरकारी योजनांची आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. थोडक्यात, सावकाराचं गिऱ्हाईक तोडलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या उदयनगरहून बसने इंदूरकडे निघाल्या होत्या. वाटेत एका तरुणाने सगळ्या प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर सुऱ्याने वार केले, बाहेर ओढून पुन्हा वार केले. बसमधलं कुणीही मधे पडलं नाही. शरीरावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्या तरुणाला सावकार-जमीनदारांनी पुढे घातलं होतं, हे त्यानेच नंतर सांगितलं. त्याचं नाव सगळीकडे छापून आलेलं आहे, मुलाखतीही आहेत. मी इथे लिहीत नाही. ज्याला नवी सुरुवात मिळाली असं मी म्हणणार, त्याच्या गळ्यात तीच पाटी पुन्हा कशाला अडकवू?

त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले. ज्यांनी पुढे घातलं ते मोकळे आणि मी आत, या रागाने तो तेव्हा धुमसत होता. मग २००२ मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. त्याने माफी मागितली. पुढे आईही केरळहून आली, आणि ज्या हातांनी मुलीवर सुरा चालवला ते हात हातात घेऊन तिने त्यांचं चुंबन घेतलं.

हे सांगताना लोक इथे थांबतात, कारण इथे गळा भरून येतो. मला वसुलीवालीला मात्र पुढचे कागद महत्त्वाचे वाटतात. शिक्षेतून सुटका मिळावी म्हणून अर्ज झाला आणि त्यामागे घरचे उभे राहिले. अकरा वर्षांनी, २००६ मध्ये तो सुटला. केरळमध्ये त्यांच्या घरी जाऊन आला. उदयनगरला समाधीपाशी तो येत राहिला, शेतातलं धान्य घेऊन येतो असं त्याच्याविषयी लिहून आलेलं आहे. म्हणजे १९९५ ला खून, २००२ ला राखी, २००६ ला सुटका. राखी बांधायला मिनिट लागतं. त्याच्या अलीकडची सात वर्षं आणि पलीकडची चार कुणी फोटोत दाखवत नाही. तुरुंगाच्या फेऱ्या, मुलाखतीचे पास, अर्ज, शिक्के, सह्या. आणि राखीचंही जरा बघा. आपल्याकडे राखी म्हणजे ‘झालं गेलं विसरू’ नव्हे. राखी बांधली की नातं चिकटतं, दर वर्षी निभवावं लागतं. सिस्टर सेल्मीने जुनं खातं नुसतं बंद केलं नाही, त्याच माणसाच्या नावाने नवीन उघडलं. त्या वेळी तो शिक्षा भोगतच होता, हेही विसरायचं नाही. कोर्टाने आपलं काम केलं होतं. ओडिशात १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळलं गेलं, त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. म्हणून खटला थांबला नाही आणि थांबायचं कारणही नव्हतं.

हे मुद्दाम लिहितेय, कारण क्षमेचा आग्रह नेहमी खालच्याला होतो. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला चर्चच्या पायरीवर ‘सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर’ ऐकवणारे मी पाहिले आहेत. येशूने पेत्राला ते सांगितलं हे खरं. त्याच अध्यायात लगेच पुढे दाखला आहे तो मात्र हे लोक नीट वाचत नाहीत. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एकही सुट्टी न घेता फेडायचं म्हटलं तर दीड लाखावर वर्षं. राजा ते सोडतो. बाहेर पडल्यावर याच चाकराला शंभर दिनार लागणारा दुसरा चाकर भेटतो आणि हा त्याचा गळा धरतो. प्रवचनात नेहमी सांगतात, शंभर दिनार म्हणजे क्षुल्लक रक्कम. क्षुल्लक कशी? शंभर दिवसांची मजुरी! तीन महिन्यांहून जास्त पगार ज्याचा बुडलाय त्याला जाऊन सांगा क्षुल्लक म्हणून. दाखला तसं म्हणत नाही. तुझं नुकसान खरं आहे, हे तो धरूनच चालतो. शिवाय गळा धरणारा तो आहे ज्याचं आधी सुटलेलं आहे. बाईला सोडून तो दाखला तिच्या नवऱ्याला ऐकवायला हवा.

आमच्या घरात हा मुद्दा आईने मांडला, चर्चपेक्षा सरळ. बाबा त्या रात्री पैसे संपले म्हणाले तेव्हा ती म्हणाली, “तुमचे संपले असतील. त्यातले निम्मे माझे होते, मला विचारलंत?” बाबांकडे उत्तर नव्हतं. मलाही आजवर सापडलेलं नाही. पतसंस्थेच्या नोटिसा, कापलेल्या हप्त्यांच्या पावत्या, सगळं तिने एका फायलीत लावून कपाटात ठेवलं होतं. बाबा म्हणाले फाडून टाक. तिने फाडलं नाही. वर दोन दिवसांनी करंज्या झाल्या तेव्हा पहिलं ताट तिनेच काकाकडे पाठवलं. ओल्या नारळाच्या, कातणाने कडा नीट कापलेल्या, तळताना फुटलेल्या दोन बाजूला काढून घरी ठेवल्या होत्या, त्या मी खाल्ल्या. ताटावर विणलेला रुमाल. ताट परत आलं ते रिकामं नव्हतं, काकूने त्यात साखर घातली होती. ती साखर आईने वापरली. बाबांना एवढंच बजावलं, की यापुढे कुणाच्याही कागदावर सही करायची नाही. काकाने पुढे एकदा पुन्हा जामिनासाठी विचारलं. बाबा नाही म्हणाले, आणि खिशात होते तेवढे त्याच्या हातावर ठेवून परत घ्यायचे नाहीत असं सांगून आले.

यावरून मी आईबाबांत कुणाला जास्त मार्क द्यायचे हे ठरवू शकत नाही. बाबांनी देणं सोडलं. आईने हिशोब सांभाळला आणि ताट पाठवलं. पुन्हा विश्वास टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. ती कमवावी लागते, आणि काकाने ती, खरं सांगायचं तर, थोडी थोडी कमावली. बाबा आजारी पडले तेव्हा रात्री दवाखान्यात तोच बसायचा. बाबा गेले त्या वर्षी गायनमंडळात पेटी त्यानेच उचलली. त्याला फारशी येत नाही. दोन गाणी एकाच पट्टीत वाजवतो.

यंदा काकाचा मुलगा गृहकर्ज घेतोय. कागद बघायला माझ्याकडे आला होता. फॉर्म डायनिंग टेबलावर पसरलेले, शेजारी चकलीचा सोऱ्या, आई पिठात मोहन घालत बसलेली. तिचं ऐकू येणं कमी झालंय असं आम्ही धरून चालतो. तो गेल्यावर तिने विचारलं, “सही कुणाची आहे त्याच्यावर?”

“त्याच्या बायकोची. दोघांचं मिळून कर्ज आहे.”

“जामीनदार?”

“नाही लागत, घरच तारण आहे.”

“मग बरं.” तिने पिठाचा गोळा सोऱ्यात भरला, दांडा दाबून पाहिला. “त्याला म्हणावं, पुढच्या खेपेला येताना आपलं स्टीलचं मोठं ताट घेऊन ये. मागच्या नाताळापासून तिकडेच पडलंय.”